पडद्यावरची शिरोरेषा : जुना संगणक, नवा टीव्ही

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी आणि मोडी दप्तरे आठवतात. आजच्या थ्रेडमधील साधन १९८०च्या दशकातले आहे : सोलापुरातील माझ्या मामांच्या यंत्रमाग कारखान्यातला एक घरगुती संगणक आणि तीन कॅसेटी. हे साधन वाचायचे तर ते आधी पडद्यावर दिसले पाहिजे, आणि आजच्या टीव्हीवर ते सहजी दिसत नाही. का दिसत नाही आणि कसे दिसते, ते क्रमाने पाहू.

२/ प्रथम पार्श्वभूमी. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला. किंमत कमी ठेवण्यासाठी त्याला स्वतःचा पडदा दिलेलाच नव्हता. घरातला टीव्ही हाच पडदा आणि घरातला टेपरेकॉर्डर हीच साठवण. १९८६ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन त्याची 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' ही भारतीय आवृत्ती काढली. त्याआधी १९८४ पासून 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून देशातील सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचू लागले होते. मामांकडचे यंत्र पुण्याचे.

३/ भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले, तरी पुढे कित्येक वर्षे असंख्य घरांत कृष्णधवल संचच होते. मामांचाही तसाच. स्पेक्ट्रमच्या आठ रंगांना ० ते ७ हे क्रमांक उजळपणाच्या चढत्या क्रमाने दिलेले आहेत : काळा, निळा, तांबडा, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. त्यामुळे कृष्णधवल संचावरही करड्या छटांची नीट उतरंड दिसे. रंग नसलेल्या घरातही हे यंत्र उपयोगी पडे, त्याचे एक कारण हे.

४/ स्पेक्ट्रमचे चित्र २५६ × १९२ ठिपक्यांचे, म्हणजे ४९,१५२ ठिपके. रंगांसह सगळे चित्र ६,९१२ बाइटांत मावते. आजच्या फोर-के टीव्हीवर ८२,९४,४०० ठिपके असतात, म्हणजे सुमारे १६९ पट. एवढ्या मोठ्या पडद्यावर एवढे लहान चित्र बसवणे सोपे असावे, असे वाटते. पण अडचण आकाराची नाही, काळाची आहे.

५/ जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ रेखाटत जाई. 'पाल' या प्रक्षेपण पद्धतीत ६२५ ओळी दोन हप्त्यांत येत : आधी एकाआड एक ओळी, मग त्यांच्या मधल्या. असे ५० हप्ते सेकंदाला. स्पेक्ट्रम मात्र प्रत्येक हप्त्यात त्याच ३१२ ओळी त्याच जागी पुन्हा काढतो. पिक्चर ट्यूबला याचे सोयरसुतक नव्हते. झोत सांगाल तिकडे वळे. आजचा टीव्ही आधी संकेत मोजतो, ओळखीच्या साच्यात बसवतो, आणि बसला नाही तर 'सिग्नल नाही' असे लिहून मोकळा होतो.

६/ मग मार्ग कोणते? मूळ यंत्र टीव्हीच्या अँटेना सॉकेटला जोडायचे असे. आतल्या पत्र्याच्या डबीत चित्रसंकेत एखाद्या वाहिनीसारखा कंपनलहरीवर चढवला जाई. ही डबी वगळून चित्रसंकेत सरळ पिवळ्या पिनेच्या एव्ही सॉकेटात देता येतो. आमच्यासाठी हे काम टीव्ही दुरुस्तीच्या एका जुन्या कारागिराने अर्ध्या तासात केले. टीव्हीला एव्ही सॉकेट नसेल तर एव्हीचे एचडीएमआय करणारी लहान डबी मधे लावावी लागते. बीबीसी मायक्रोचे भाग्य थोर : त्याच्यातून तांबडा, हिरवा, निळा हे संकेत वेगवेगळे बाहेर येतात, आणि 'आरजीबी-टू-एचडीएमआय' नावाचे, रास्पबेरी पाय झिरोवर चालणारे खुले साधन त्यातला ठिपका न् ठिपका अचूक टिपते.

७/ आता कॅसेटी. त्यांपैकी एकीत मामांनी बेसिक भाषेत लिहिलेला आठवड्याच्या पगाराचा प्रोग्राम होता : कामगाराने विणलेले नग, नगाचा दर, दिलेली उचल, हाती येणारी रक्कम. प्रत्येक प्रकारच्या टॉवेलचा आणि चादरीचा दर प्रोग्राममध्येच लिहिलेला. कारखान्याची त्या वर्षांची वहीखाती केव्हाच रद्दीत गेली. यंत्रमागावरच्या मजुरीचा आमच्या घरातला लिखित पुरावा एवढाच उरला आहे.

८/ शीर्षके मात्र देवनागरीत होती! स्पेक्ट्रममध्ये देवनागरी नव्हती. परंतु वापरणाऱ्याला स्वतःची २१ अक्षरे ८ × ८ च्या चौकटीत घडवता येत. मामांनी 'नग', 'दर', 'उचल' या शब्दांपुरती अक्षरे घडवली होती. प्रत्येक अक्षराच्या वरच्या भागात एक ओळ तीच : ११११११११. आठही ठिपके पेटलेले, म्हणजे शिरोरेषा. चौकटी शेजारी-शेजारी आल्या की रेषा आपोआप अखंड होई.

९/ स्वस्त डबीतून हे चित्र नव्या टीव्हीवर आले तेव्हा नेमकी ती शिरोरेषा थरथरत होती, मधूनच पुसली जात होती. कारण उघड आहे. डबी गृहीत धरते की हप्ते एकमेकांच्या मधल्या ओळींचे आहेत. ती त्यांना अर्धी ओळ वर-खाली सरकवते. एका ओळीइतकी जाड आडवी रेषा त्यात टिकत नाही. जुन्या संगणकांचा संकेत ओळखणारा चांगला परिवर्तक लावल्यावर रेषा स्थिर झाली. मामा शांतपणे म्हणाले, "अगं, ती पहिल्यापासून सरळच होती."

१०/ मोडी वाचणाऱ्यांना हा अनुभव परका नसेल. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, शब्द अनेकदा सलग लिहिलेले असतात. बाळबोध करणारा ते तोडतो, भेद ठरवतो, आणि त्याचा अंदाज पुढे मूळ म्हणून वाचला जातो. परिवर्तक डबीही असेच लिप्यंतर करते. म्हणून जुन्या संगणकाचे छायाचित्र साधन म्हणून देताना ते कोणत्या पडद्यावर, कोणत्या मार्गाने आले, याची नोंद हवीच.

११/ घरात असे यंत्र असेल तर घाईने चालू करू नका. मूळ स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनेचा मध्य ऋण असतो. आजचे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात. कपॅसिटर जाणकाराकडून तपासून घ्या. त्याआधी कॅसेटींचा आवाज लॅपटॉपवर उतरवून ठेवा, कारण पडदा पुढेही मिळेल, फितीवरचा लेप मात्र झडत चालला आहे. आणि ज्याने प्रोग्राम लिहिला ते माणूस हयात असेल तर त्याला शेजारी बसवा. दरापुढे लिहिलेल्या एका अक्षराचा अर्थ 'रात्रपाळी' होता, हे कुठल्याही परिवर्तकाने आम्हाला सांगितले नसते.