आरसे लावा रे!

आपल्या संभाजीनगरला बाइकचं वेड आहे हे सांगायला लेख कशाला हवा? १९८५ साली बजाजचा प्लँट वाळूजला सुरू झाला, मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या आल्या आणि या शहरात बाइक हा घरगुती विषय होऊन बसला. कुणाचे बाबा असेंब्लीला, कुणाचा मामा पेंटशॉपला, कुणाचा दादा व्हेंडरकडे. पण इथल्याच पोरांची एक गंमत बघा. नवी बाइक दारात येते, नारळ फुटतो, हार पडतो... आणि दुसऱ्या दिवशी पहिलं काम काय? आरसे काढून ठेवणं! लूक बिघडतो म्हणे.

या आरशांकडे माझं लक्ष गेलं ते म्हैसमाळच्या ट्रिपमध्ये.

ट्रिप ठरली व्हॉट्सअॅपवर, शुक्रवारी लंचनंतर. श्रावणातला रविवार, सकाळी सहाला नगर नाका, चार बाइक्स, सहा जण. मी पर्चेसमध्ये. माझ्याकडे स्कूटी, ती घाटात न्यायची नव्हती, म्हणून मी क्वालिटीच्या सरांच्या मागे बसणार होते. घरी आईचा पहिला प्रश्न, ‘कुणाच्या मागे बसणार आहेस?’ ‘सरांच्या, त्यांना दोन मुली आहेत,’ म्हटल्यावर परवानगी मिळाली. वर ‘हेल्मेट घाल’ हेही आलंच. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, हे आईला कायद्याआधीपासून माहीत होतं!

आमचा लीडर मार्केटिंगचा. त्याची गाडी सॉलिड, जॅकेट सॉलिड आणि अर्थातच आरसे गायब. शेवटची गाडी होती आमच्या ट्रेनीची. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा पोरगा, म्हणून ऑफिसात सगळे त्याला ‘पाटोदा’च म्हणतात. आयटीआय झालेला, आमच्याकडे वर्षाची अप्रेंटिसशिप. गाडी त्याच्या चुलत्याची, बरीच जुनी. त्याला ग्रुपमध्ये घेतलं सरांनी. बाकीच्यांनी ‘ठीक आहे यार’ म्हटलं, इतकंच.

छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा. आभाळ भरलेलं, रस्ता ओला. दौलताबादच्या जुन्या दरवाज्यात नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. देवगिरीवर ढग टेकले होते. खुलताबादला चहा झाला. तिथून एक रस्ता वेरूळकडे उतरतो आणि दुसरा म्हैसमाळकडे चढतो. पुढे बारा-तेरा किलोमीटर. ‘चला, वरती भेटू!’ म्हणत आमचा लीडर सुटला, त्याच्यामागे दुसरी गाडी. आम्ही तिसरे, पाटोदा चौथा.

धुकं इतकं दाट, की पुढच्या गाड्यांचे लाल दिवे दोन वळणांतच विरघळले. एकदम झक्कास वाटत होतं! मी हात सोडून फोटो काढायच्या विचारात, तेवढ्यात सरांनी वेग कमी केला.

‘काय झालं सर?’

‘मागचा दिवा दिसत नाहीये.’

मी मागे वळून पाहिलं, नुसतं पांढरं. सर दर वळणानंतर आरशात बघत होते, हे तोपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांनी गाडी वळवली. दीड-दोन किलोमीटर खाली रस्त्याच्या कडेला पाटोदा गुडघ्यांवर बसलेला, हात काळे. चेन उतरली होती. फोनला रेंज नाही. बाइकचे सुटे भाग बनवणारे आम्ही आणि अडकलो कशात, तर चेनमध्ये!

सरांनी पाने काढले. चेनकव्हर उघडलं, चाक हाताने फिरवत चेन दातांवर बसवली, मागच्या चाकाचा नट सैल करून दोन्ही बाजूंनी सारखी ओढून घेतली. ‘बोटाने वरखाली केली तर दोन-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. तुझी लोंबत होती, बाळा. कधीपासून?’

‘महिना झाला, सर. चेनसेट पगार झाल्यावर बदलणार होतो. पण पुढच्या महिन्यात पगार आहे की नाही, तेच माहीत नाही.’

त्याची अप्रेंटिसशिप तीन आठवड्यांत संपत होती. पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. गावाकडचे दोन मित्र चाकणला बोलावत होते. रूम नव्हती, डिपॉझिटला पैसे नव्हते, घरी अजून सांगितलेलं नव्हतं. अकरा महिने हा मुलगा माझ्या टेबलावर चलन आणून देत होता आणि मला त्याच्याबद्दल माहीत होतं ते फक्त त्याचं गाव. मोबाइलचा टॉर्च धरून मी उभी होते. तो म्हणाला, ‘ताई, जरा इकडे उजेड.’ एरवी तो मला मॅडम म्हणतो.

आम्ही वर पोचलो तेव्हा मंडळी भज्यांच्या दुसऱ्या प्लेटवर होती. ‘कुठे राहिलात यार? आम्ही पाऊण तास वाट बघतोय!’ वाट बघत होते हे खरं. पण खाली येऊन बघावं असं कुणाला सुचलं नव्हतं. सर चिडले नाहीत. त्यांनी गरम कणीस पाटोद्याच्या हातात दिलं आणि सगळ्यांना परतीचा नियम सांगितला. सगळ्यात हळू गाडी दुसऱ्या नंबरवर. वेग तिचा, बाकीच्यांनी तिच्याप्रमाणे चालायचं. प्रत्येकाने आपल्या मागच्याकडे लक्ष ठेवायचं. मागचा दिसेना झाला की थांबायचं, फाट्यावर तर थांबायचंच. उतारावर नुसता ब्रेक दाबायचा नाही, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं.

आमचा लीडर हिरमुसला, पण परतताना तोच शेवटी राहिला. खुलताबादच्या फाट्यावर चारही गाड्या एकत्र उभ्या होत्या. सकाळी हे जमलं नव्हतं.

सोमवारी सर पाटोद्याला घेऊन एचआरकडे गेले. जागा नव्हती. सिनेमात असते तशी ती ऐनवेळी निघालीही नाही. पण आमच्या लीडरचा मावसभाऊ चाकणला राहतो, त्याच्या खोलीत एका गादीची सोय झाली. चेनसेटसाठी आम्ही पाच जणांनी पैसे काढले. तो घेईना, तेव्हा सरांनी ‘उधार आहे, परत कर’ म्हणून दिले. दोन महिन्यांनी त्याने खरंच परत केले, प्रत्येकाला वेगवेगळे.

म्हैसमाळ आपल्यापासून चाळीसेक किलोमीटर, पुणं सव्वादोनशेच्या पुढे. आपल्या शहरातून दर महिन्याला कुणी ना कुणी त्या लांबच्या रस्त्याला लागतं. फेअरवेलच्या केकवर नाव लिहून येतं, आपण टाळ्या वाजवतो आणि पुन्हा स्क्रीनकडे वळतो. ऑफिसात सगळ्यांच्या नजरा पुढच्या गाडीवर, म्हणजे पुढचं प्रमोशन, पुढचं पॅकेज यावर. मागे कुणाचा दिवा बंद झाला, हे बघायला मान वळवावी लागत नाही, नुसता एक आरसा लागतो.

तेव्हा मित्रांनो, या रविवारी निघणार असाल तर जरूर निघा. चेन तपासा, टायरची हवा बघा, रेनकोट घ्या. आणि माळ्यावरच्या खोक्यात टाकलेले ते दोन आरसे शोधून गाडीला लावा. लूकचं काय, सवय होते!