बोक्याची साखर

मांजरास मधुमेह होतो, हे वाक्य वाचून आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस हसू येईल आणि काहींस रागही येईल. गावात माणसांस वेळेवर औषध मिळण्याची मारामार असता मांजराच्या साखरेची उठाठेव कोणी सांगितली आहे, असे ते म्हणतील. ही तक्रार अगदीच निराधार नव्हे. तिचा विचार आम्ही पुढे करणार आहोत. आधी हकिकत ऐकावी, इतकीच विनंती.

गेली काही वर्षे आमचे वास्तव्य सिकंदराबादेस आहे. या जोडशहरांत मराठी माणूस नवखा नाही. १९५६ सालापर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि काचीगुडा, सुलतानबाजार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. रेल्वेच्या नोकरीमुळे वसईकडची काही मंडळीही इकडे आली. अशाच एका घरी, आमच्या शेजारी, सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी राहतात. यजमान निवर्तले, मुलगा परदेशी. घरात मावशी आणि त्यांचा मन्या नावाचा बोका, एवढाच संसार. मन्या अकरा वर्षांचा, खच्ची केलेला आणि चांगला साडेसहा किलो वजनाचा. सकाळी दूधभात, दुपारी चहात बुडविलेले बिस्कीट, रात्री पुन्हा भात व त्यावर बोंबलाचे कालवण, असा त्याचा आहार. अशा बैठ्या, जाडजूड, उतारवयीन बोक्यांसच हा रोग अधिक गाठतो, हे आम्हांस पुढे कळले.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास मन्या भराभर वाळू लागला. भूक मात्र दुप्पट, आणि तहान अशी की न्हाणीघरातील बादलीवर तो ठाण मांडून बसे. मागच्या पायांच्या टाचा जमिनीस टेकवून तो चालू लागला, तेव्हा मावशींस वाटले की म्हातारपण आले. परंतु अंगणात तो जेथे लघवी करी तेथे मुंग्यांची रांग लागू लागली. मधासारख्या मूत्राचे वर्णन सुश्रुताच्या ग्रंथात आहेच, मावशींनी तो ग्रंथ वाचलेला नाही, परंतु मुंग्या पाहून त्या म्हणाल्या, "फादर, याला माझाच रोग झाला आहे." मावशी स्वतः बारा वर्षे इन्सुलिन घेतात.

नारायणगुडा येथील सरकारी पशुचिकित्सालयात आम्ही मन्यास टोपलीत घालून नेले. रक्तातील साखर ४२० भरली; निरोगी मांजराची साधारण ८० ते १२० असते. तथापि तेथील डॉक्टरांनी त्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवला नाही, आणि येथेच या रोगाची खरी मेख आहे. मांजर भ्याले की त्याची साखर आपोआप चढते. टोपली, रिक्षा, कुत्र्यांचे भुंकणे यांमुळे निरोगी मांजरही तीनशेपर्यंत जाऊ शकते. म्हणून लघवीतील साखर तपासली, आणि मागील दोनतीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामीन नावाची रक्तपरीक्षा केली. रोग निश्चित झाला. मग डॉक्टर म्हणाले, "येथील आकड्यापेक्षा घरचा आकडा अधिक खरा. घरी तपासता येईल काय?"

घरी यंत्र होते. मुलाने मावशींसाठी पाठविलेले ते यंत्र दोन वर्षे कपाटात पडून होते. मावशींनी ते स्वतःसाठी कधी उघडले नाही. बोक्यासाठी मात्र त्याच संध्याकाळी नवी बॅटरी आणविली! माणसांचे यंत्र मांजराची साखर खऱ्यापेक्षा काहीशी कमी दाखविते, म्हणून डॉक्टरांनी प्रयोगशाळेच्या आकड्याशी ते एकदा ताडून पाहिले व आम्हांस एक मर्यादा लिहून दिली: या यंत्रावर १५० च्या खाली आकडा आला तर सुई टोचू नये, प्रथम दूरध्वनी करावा.

रक्त काढावयाचे ते कानाच्या कडेच्या बारीक शिरेतून. कान गार असला तर थेंब येत नाही, म्हणून कापडाच्या पुरचुंडीत तांदूळ बांधून, ते कोमट करून कानास लावावे. (ताटलीतून हद्दपार झालेला तांदूळ असा कामी आला.) कानामागे कापसाचा बोळा धरावा, शिरेच्या काठावर हलकेच टोचावे, थेंब पट्टीस लावावा, जागा क्षणभर दाबून धरावी आणि लगेच कोंबडीचा एक तुकडा द्यावा. मन्यास धरून ठेवण्याचे काम आमच्याकडे आले. पहिल्या आठवड्यात आमच्या हातांवर जी अक्षरे उमटली ती पुष्कळ दिवस पुसली नाहीत. पुढे मात्र यंत्राची पेटी वाजली की तो आपण होऊन स्टुलावर येऊन बसू लागला. प्रेमाने नव्हे, कोंबडीच्या आशेने.

आता आहाराविषयी. मांजर हा वाघाच्या कुळातील प्राणी; त्याचे शरीर मांसावर चालते. पिष्टापासून झालेली साखर हाताळण्याची त्याच्या यकृताची शक्ती फार अल्प. इतकेच नव्हे, तर त्यास गोड चवच कळत नाही! ती चव ओळखणारा जनुक मांजरात निकामी आहे, आणि वाघ व चित्ता यांच्यातही तसाच, हे २००५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखविले. दुधावर मांजर तुटून पडते ते स्निग्धतेसाठी. येथील तारनाका भागात राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची जी कोष्टके प्रसिद्ध केली त्यांत शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम पिष्टमय भाग दाखविला आहे. कोंबडीच्या मांसात तो जवळजवळ शून्य. कोष्टक माणसांसाठी केलेले, परंतु मन्याच्या ताटलीचा निवाडा त्याने पुरता केला.

तथापि उद्यापासून नुसती उकडलेली कोंबडी घालावी, असेही नव्हे. तीत चुना नाही, आणि टॉरीन नावाचे जे द्रव्य मांजराच्या डोळ्यांस व हृदयास अत्यावश्यक, ते शिजविण्यात पुष्कळसे पाण्यात उतरते. म्हणून डॉक्टरांनी कमी पिष्टाचे, ओले, डब्यातील परिपूर्ण खाद्य मुख्य ठेविले व कोंबडी वरकड. कांदालसणाचे कालवण अगदी वर्ज्य, कारण त्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. बदल हळूहळू करावा; जाड्या मांजराने रुसून दोनतीन दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साठून ते दगावू शकते.

सुई पहिल्यापासून चालू होतीच. दिवसातून दोनदा, दोन दोन युनिटे. येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण ती माणसांच्या घरांतही उपयोगी आहे. मावशींचे इन्सुलिन मिलिलिटरला ४० युनिटांचे, त्याची पिचकारी तांबड्या टोपणाची. मन्याचे ग्लार्जिन १०० युनिटांचे, त्याची पिचकारी नारिंगी टोपणाची. मन्याचे औषध चुकून तांबड्या टोपणाच्या पिचकारीत दोनच्या खुणेपर्यंत भरले, तर दोनाऐवजी पाच युनिटे जातील, आणि तेवढी एखाद्या मांजराच्या प्राणावर बेतू शकतात. मावशींनी दोन वेगळे डबे केले व एकावर मांजराचे चित्र काढले. चित्र सशासारखे झाले आहे, ती गोष्ट वेगळी.

भात सुटल्यावर नवव्या दिवशी सकाळी यंत्रावर आकडा आला ११२. आदल्या आठवड्यात तोच तीनशेच्या वर होता. मावशींनी पिचकारी भरून ठेविली होती. "फादर, वेळ झाली. एक सुई चुकली तर पुन्हा चढेल." आम्ही म्हटले, "मावशी, आधी आकडा पाहा, आणि डॉक्टरांस विचारा." दूरध्वनीवर उत्तर आले: सुई मुळीच नको, खाऊ घाला, दोन तासांनी पुन्हा तपासा. दोन तासांनी ९६! आदल्या रात्रीचे औषध अजून काम करीतच होते. वर आणखी दोन युनिटे गेली असती तर काय झाले असते, हे सांगावयास नको. साखर उतरली की मांजर झोकांड्या खाते, थरथरते, पुढे आकडी येते. तशा वेळी मध किंवा साखरेचे पाणी हिरड्यांस चोळावे, घशात ओतू नये, आणि तडक दवाखाना गाठावा. चढलेली साखर महिने घेते. उतरलेली साखर एका दुपारी जीव घेते. आहार बदलला की औषधाची मात्राही बदलावी लागते, आणि ती केव्हा व किती, हे डॉक्टर ठरवितात, परंतु ठरवितात ते घरच्या वहीतील आकड्यांवरून. दुसऱ्या दिवसापासून मन्याची मात्रा निम्मी झाली.

आता ती तक्रार. एका पट्टीस सुमारे वीस रुपये पडतात, आणि मावशींचे निवृत्तिवेतन तुटपुंजे. शेजारच्या एका गृहस्थांनी तोंडावर विचारलेच, "माणसांना मिळेना, आणि बोक्याला इन्सुलिन?" माणसाचे औषध तोडून मांजरास द्यावे, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी हे औषध शोधले ते कुत्र्यांवर प्रयोग करून, आणि त्या कुत्र्यांपैकी कित्येकांचे प्राण गेल्यावर, १९२२ च्या जानेवारीत, एका चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचले गेले. तेव्हा या हिशेबात जनावरांची बाजू अगदीच कोरी नाही, असे आम्ही त्या गृहस्थांस सांगितले. त्यांस ते पटले असे दिसले नाही.

दुसरेही एक घडले. एकदा पट्टी यंत्रात घातल्यावर मन्या निसटून पळाला. वीस रुपये फुकट जाऊ नयेत म्हणून मावशींनी आपलेच बोट पुढे केले. आकडा आला ३१२. बोक्याचा त्या सकाळी १८६ होता. मावशी काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग वहीत त्यांनी एक उभी रेघ ओढली आणि दुसरा रकाना केला.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६३ मधुमेही मांजरांस दोन प्रकारचे आहार देऊन पाहिले होते. सोळा आठवड्यांनंतर अल्प पिष्टाच्या आहारावरील शेकडा ६८ मांजरांची सुई सुटली, मध्यम पिष्ट व अधिक चोथा असलेल्या आहारावरील शेकडा ४१ जणांची. मन्या त्या भाग्यवंतांत बसला. पाचव्या महिन्यात त्याची सुई थांबली. टाचा आता जमिनीस टेकत नाहीत. रोग परतू शकतो, म्हणून दर रविवारी दुपारी कान टोचणे चालूच आहे, आणि मावशींचे बोट रोज. गेल्या रविवारी मन्या ९४, मावशी १६८. मावशींच्या डॉक्टरांनी ती वही मागून घेतली आहे.