समासातली पेन्सिल

हिंगोलीत बी.ए.च्या वर्गाला राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक शिकवताना पोरांच्या हातात पेन्सिली असतात. उपमा दिसली की खाली रेघ, समासात ‘उ’. नायक सुधाकराच्या तोंडची पानं तर रेघांनी काळी होतात. गडकऱ्यांना उपमेचा सोसच मोठा. एकेका दुःखाला ते चार-चार दागिने घालतात. मला तो सोस आवडतो.

सुधाकराला प्याल्याकडे नेणारा तळीराम आला की वर्ग हसतो. आर्य मदिरा मंडळाच्या बैठकीत मागचा बाकही जाऊन बसतो, आणि आपण तिथे कधी पोचलो हे कुणाच्या ध्यानात येत नाही. गडकऱ्यांच्या या लबाडीला समासात अक्षर नाही.

शोकांतिकेचं कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: दारू. त्याला मी अर्धाच गुण देतो. वकील सुधाकर पहिला प्याला घेतो तो कोर्टातल्या बाचाबाचीत सनद गेल्याच्या अपमानापायी. मध्ये सोडतोही. मग नोकरी मागायला ओळखीच्यांच्या दारी जातो, तिथे पुन्हा पाणउतारा, पुन्हा प्याला. एवढा मानी नसता तर कदाचित वाचला असता.

गडकरी २३ जानेवारी १९१९ला सावनेरला वारले. महिनाभरात गंधर्व मंडळीने बडोद्याला नाटक रंगभूमीवर आणलं. सुधाकराची बायको सिंधू बालगंधर्वांनी केली, ती गडकऱ्यांना बघायला मिळाली नाही.

त्या सिंधूची शेवटची जबानी. दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून मूल गेलेलं, ती स्वतः मरणाच्या दारात, समोर फौजदार. नवऱ्याचं नाव ती येऊ देत नाही. आपणच पडलो म्हणते. इथे वह्यांचे समास कोरे. रेघ मारायला उपमाच नाही.

वसमतकडची एक मुलगी, हळदीच्या हंगामातून आलेली, नखांच्या कडा अजून पिवळ्या. म्हणाली, “सर, हे कशात येतंय?”

“नाट्यगत उपरोधात. खरं काय ते आपल्याला ठाऊक, फौजदाराला नाही.”

“फौजदाराला बी ठाऊक असतंय, सर. दवाखान्यात डॉक्टरलाही असतंय. पायरीवरून पडले म्हणलं की तसंच लिहून घेतेत.”

परीक्षेला येते ती व्याख्या मी फळ्यावर लिहून दिली. त्या व्याख्येला दोन गुण आहेत. पुढच्या वर्षी मात्र नाटक या जबानीपासूनच शिकवायला घेणार आहे. उपमा ज्याच्या त्याने घरी शोधाव्यात.