घोडी घरी आणताना

2 डिसेंबर 2024, सोमवार
पुतण्याने यंदा सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणायचं पक्कं केलं आहे. निवड त्याची, ती पुण्याजवळच्या आमच्या शेतावर धडधाकट पोचवण्याचं काम मी अंगावर घेतलंय. म्हणून आज नियम घेऊन बसलो.

प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारा मूळ कायदा 1960 चा. त्याखालच्या 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत घोडे, खेचरं आणि गाढवं यांच्यासाठी वेगळं प्रकरण आहे. घोडा प्रवासाला तंदुरुस्त आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला गाडीसोबत हवा. गाभण घोड्या आणि शिंगरं इतर जनावरांत मिसळायची नाहीत. ट्रकचा फाळका खास प्रकारचा हवा, बाजूंना गादी हवी. दोन घोड्यांमध्ये निदान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन भक्कम आडवे दांडे हवेत. एका गाडीत चार ते सहाच घोडे. वेग ताशी 35 किलोमीटरच्या आत.

एक कलम वाचून मी थांबलो. घोड्यांची तोंडं डाव्या बाजूला असावीत, म्हणजे उजवीकडून जाणाऱ्या वाहनांपासून दूर. समोरून येणारा दिवा आणि कानाशी वाजणारा हॉर्न घोड्याला कसा लागतो, हे ज्याने जवळून पाहिलंय त्यानेच हे लिहिलं असणार.

6 डिसेंबर, शुक्रवार
आजचा दिवस गाडी शोधण्यात गेला. 2015 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली, तिच्यानुसार जनावरं नेणाऱ्या गाडीत कायमचे कप्पे लागतात आणि प्रत्येक जनावर स्वतंत्र कप्प्यात उभं करावं लागतं. घोड्याला किमान 2.25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 24 चौरस फूट जागा. अशा गाडीला आरटीओकडून खास परवाना घ्यावा लागतो आणि तिच्यात दुसरा माल भरता येत नाही.

सगळा खर्च या शेवटच्या अटीत आहे. 17 फूट लांब आणि 7 फूट रुंद हौद्याचं क्षेत्रफळ 119 चौरस फूट. नियमाने त्यात चारच घोडे मावतात. परतीला कांदा किंवा सिमेंट भरता येत नाही, म्हणून गाडीवाला दोन्ही बाजूंचं भाडं धरतो. कप्पे असलेल्या गाडीचे मला 26,000 रुपये सांगितले, टोलसकट. दुसरा एक जण म्हणाला, ‘‘काका, कप्पे कशाला? आठ घोडी दाटीवाटीने बसवू, 18,000 द्या.’’ म्हणजे एका घोड्यामागे 6,500 की 2,250? पुतण्याला मी स्पष्ट सांगितलं, घोडीसाठी काढलेल्या पैशांतून हे 6,500 आधी बाजूला ठेव. उरलेल्यात बसेल ती घोडी आपली.

14 डिसेंबर, शनिवार, सारंगखेडा
आज दत्तजयंती. एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांग एकीकडे, तापीकाठचा घोडेबाजार दुसरीकडे. काठेवाडी, मारवाडी, पंजाबातले नुकरे. कुठे देवमन दाखवणं चाललंय, कुठे पंचकल्याणावरून घासाघीस. दावणीला उभ्या घोड्यांपैकी बरेच राजस्थान, गुजरात आणि उत्तर प्रदेशातून ट्रकनेच आलेत. काहींच्या गुडघ्यांवर आणि शेपटीच्या मुळाशी केस घासून गेलेले दिसले. मालक त्यांचा तपशील देतात तो चालीचा, वंशाचा आणि भोवऱ्यांचा. जनावर इथवर कसं आलं, हे विचारणारं गिऱ्हाईक आम्हाला भेटलं नाही.

पुतण्याला एक कुमेत घोडी आवडली. दात पाहिले, खूर उचलून पाहिले, रेवाल चालवून पाहिली. मग मी ग्लँडर्सचा अहवाल मागितला. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो, त्याला लस नाही आणि बाधित घोड्याला मारावंच लागतं. 2009 च्या कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे. हिस्सारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र याच्या तपासणीतलं प्रमुख ठिकाण. घोडीचा अहवाल होता. त्यावरचा रंग, कपाळावरचा टिळा आणि मागचा पांढरा डावा पाय घोडीशी ताडून पाहिला, तेव्हाच विसार दिला.

15 डिसेंबर, रविवार
पशुवैद्यकांनी ताप पाहिला, नाडी मोजली, फुप्फुसं ऐकली आणि दाखला लिहून दिला. त्यांनी सांगितलेली गोष्ट नियमांत नाही, पण ती नीट टिपून ठेवतो. घोड्याचं तोंड वर बांधून तासन्‌तास नेलं तर श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही आणि त्यातून फुप्फुसांचा दाह होतो. घोडा मान खाली घालतो, तेव्हाच त्याची नळी साफ होते. म्हणून दर चार तासांनी थांबा, दोर ढिला करा, चारा खाली जमिनीवर टाका. निघण्याआधी चंदी भरपूर चारू नका. घोड्याला उलटी होत नाही, पोटशूळ उठला तर वाटेत धावपळ होते. सुका चारा चालेल.

पुण्याच्या दिशेने जाणारे आणखी तीन खरेदीदार सापडले. चौघांत मिळून कप्प्यांची गाडी ठरवली.

16 डिसेंबर, सोमवार
पहाटे चारला निघालो. धुळे, नाशिक, संगमनेर असं सव्वाचारशे किलोमीटरच्या वर अंतर. ताशी 35 ने नुसतं चालवायलाच बारा तासांच्या वर लागतात, थांबे वेगळे. त्यासाठी दोन ड्रायव्हर घेतले, हाही खर्चच.

घोडी फळीवर चढेना. पुढचा पाय ठेवायची, फळी पोकळ वाजली की मागे घ्यायची. मोतद्दाराने ना चाबूक उचलला ना आवाज केला. फळीवर भाताचं काड पसरलं, तिच्या शेजारची घोडी आधी चढवली आणि हिचा दोर सैल धरून तो उभा राहिला. ती हुंगत हुंगत, एकेक पाय टाकत आपणहून चढली.

चांदवडच्या अलीकडे राहुड घाटाखाली थांबलो. दोर ढिला केल्याबरोबर तिने मान खाली घातली, दोनदा फुरफुरली आणि नाकपुड्यांतून धुळकट पाणी गळालं. डॉक्टरांचं म्हणणं डोळ्यांसमोर खरं ठरलं. सोबत आणलेल्या पाण्यात थोडा गूळ घातला, तेव्हा ती प्यायली. अनोळखी पाण्याला अनेक घोडी तोंड लावत नाहीत. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत निघून जात होते. आमच्या ड्रायव्हरने चंदनापुरी घाटातही वेग वाढवला नाही. रात्री साडेनऊला शेतावर पोचलो.

18 डिसेंबर, बुधवार
घोडी खाते-पिते, ताप नाही, पायांना सूज नाही. तिला इतर जनावरांपासून वेगळं बांधलंय, काही दिवस तशीच राहील.

आज हिशेब मांडला. भाड्याचा वाटा, मोतद्दाराची मजुरी, काड-चारा, ड्रायव्हरचे भत्ते. यातला एक रुपयाही मला जड वाटत नाही. 1960 च्या कायद्यात जनावराला हाल होतील असं नेल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये! आठ घोडी कोंबून वाचणारे हजारो रुपये एका पारड्यात आणि हे 50 रुपये दुसऱ्यात. हा दंड वाढलाच पाहिजे. पण तो वाढेपर्यंत घोड्याची राखण विकत घेणाऱ्यानेच करायची आहे. गाडीवाला तेच करतो ज्याचे आपण पैसे देतो.

यात्रेच्या आयोजकांना आज पत्र लिहिलं. तीन गोष्टी मागितल्या: चढ-उतारासाठी सिमेंटचे पक्के रॅम्प, परवाना असलेल्या गाड्यांची यादी दर्शनी फलकावर, आणि एकाच दिशेने जाणाऱ्या खरेदीदारांची नावं एकत्र नोंदवणारं टेबल. चौघे एकत्र आले तर नियमाचा खर्च झेपतो, हे आम्ही करून पाहिलंय. पत्राच्या प्रती बाकीच्या तिघांनाही पाठवल्या; त्यांच्या सह्या आल्या की उद्याच्या टपालाने जाईल.