पडद्यावरचा आकडा

आज पुन्हा ई-सायकलच्या पडद्यावर २१ उमटला. माझ्या सायकलच्या पुस्तिकेत २१ म्हणजे वेगाचा सेन्सर. ०८ आला तर मोटरमधले हॉल सेन्सर, ३० आला तर पडदा आणि कंट्रोलर यांच्यातला संपर्क तुटलेला. दुसऱ्या बनावटीत याच आकड्यांचे अर्थ वेगळे, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नये.

लगेच नवा सेन्सर घेणं मला पटत नाही. तक्रार कुठून आली एवढंच आकडा सांगतो. कारण आपणच शोधायचं. मागच्या चाकाच्या आरीवरचा इवलासा लोहचुंबक घसरून तिरका झाला होता. सरकवून सेन्सरपासून काही मिलिमीटरवर आणला, स्क्रू आवळला, आकडा गेला.

पावसात मात्र पहिला संशय कनेक्टरवर. बॅटरी काढायची आणि कनेक्टर सरळ ओढायचा, पिळायचा नाही, पिना वाकतात. हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळू द्यायचं. कोपऱ्यावरचे सायकलवाले काका हे इतक्या निगुतीनं करतात, की बघत राहावं.

०८ आला तर मल्टीमीटर लागतो. चाक हातानं हळू फिरवलं (गिअरवालं हब असेल तर उलटं) की प्रत्येक हॉल सेन्सरचा सिग्नल शून्य आणि ५ व्होल्टच्या आसपास खाली-वर व्हायला हवा. एखादा अडकून राहिला, तरच मोटर उघडायची.