मेल्याचे सोंग

नागास आम्ही वंदन करतो, पण घरात ठेवीत नाही. वारुळापाशी फूल वाहून परततो. म्हणूनच अमेरिकेत आमच्या भाच्याच्या घरी काचेच्या पेटीत पाळलेला सर्प पाहून आम्ही थबकलो. उत्तर अमेरिकेतील माळरानांचा हा रहिवासी, नाव हॉगनोज. माती उकरण्यासाठी याचे नाक डुकरासारखे वर वळलेले असते. रानात तो बेडूक खातो. पेटीत त्यास उंदीर मिळतो. शत्रू दिसताच तो नागासारखी मान पसरून फूत्कारतो. तेवढ्याने न भागले, तर उताणा पडून, जीभ बाहेर टाकून मेल्याचे सोंग घेतो. कोणी सुलटा केला, तर पुन्हा उताणा होतो!

“मामा, माझ्यापुढे तो आता सोंग घेत नाही,” भाचा अभिमानाने म्हणाला. त्यास हे प्रेम वाटते. आम्हांस वाटते, केवळ भय सरले आहे. तथापि एका जिवाचे भय सरावे, हेही थोडे नव्हे.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातील साप धरून पाळण्यास मनाई आहे, आणि ते योग्यच होय. आमच्या गोव्याच्या कुळागरात उंदीर खाऊन राहणाऱ्या धामणीस पेटी नको आणि काठीही नको. तिची वाट तेवढी मोकळी सोडावी.