डावखुऱ्याचा षड्ज

भाचा नोकरीसाठी परगावी गेला, तेव्हा आपली गिटार आमच्या तिसगावच्या घरी ठेवून गेला. धान्याच्या कोठीला टेकून ती बरेच महिने उभी होती. अखेर पंचेचाळिशीच्या माणसाला शोभत नाही ते मी केले. दार लोटून घेतले आणि तिला मांडीवर घेतले.

पहिली अडचण हातांचीच आली. मी मूळचा डावखुरा. लहानपणी छडीच्या धाकाने माझे अक्षर उजव्या हातात आणून ठेवण्यात आले, ते आजतागायत तिथेच आहे. बाकी दगड भिरकावणे, कुलूप उघडणे ही कामे डाव्याकडेच राहिली. गिटार मात्र उजव्यांसाठी घडवलेली. उलटी धरावी, तर जाड तारा खाली जातात. अमेरिकेतली एलिझाबेथ कॉटन नावाची बाई तशीच उलटी वाजवी, अंगठ्याने गाणे आणि बोटांनी खर्ज काढी. जिमी हेंड्रिक्स ताराच उलट्या क्रमाने चढवून घेई. मी त्याचा मार्ग धरला. त्याला प्रतिभा लागत नाही, सुतार लागतो. कारण मानेच्या टोकाला तारांसाठी ज्या खाचा असतात, त्यांतल्या बारीक खाचेत जाड तार बसेना आणि रुंद खाचेत बारीक तार खडखडू लागली. सुताराने शिसवीच्या तुकड्याला नव्या खाचा पाडून दिल्या आणि “गुरुजी, या वयात?” असे विचारून मजुरी घ्यायचे नाकारले.

मढीच्या यात्रेतल्या भजनांवर पोसलेल्या माझ्या कानाला गिटारीची रूढ जुळणीही मानवेना. मग भाच्यानेच दुसरी जुळणी सांगितली. डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकाने 1960 च्या दशकात ती लोकप्रिय केली. पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेका पूर्ण स्वराने उतरवायची. मग जाडीकडून बारकीकडे सहा तारा बोलतात : सा, प, सा, म, प, सा. आमच्या तंबोऱ्याची पहिली तार रागाप्रमाणे पंचमात लावतात किंवा मध्यमात. इथे दोघेही शेजारी नांदत होते. मला घरी आल्यासारखे वाटले.

मधल्या षड्जाच्या तारेवर दुसरा, चौथा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा आणि बारावा पडदा दाबला, की बिलावल होतो. त्यात पाचव्याऐवजी सहावा घेतला, की कल्याण. भातखंड्यांनी दहा थाट सांगितले. त्यांतले सहा पाश्चात्त्यांच्या जुन्या स्वरसप्तकांशी तंतोतंत जुळतात. बिलावल म्हणजे त्यांचे आयोनियन, काफी म्हणजे डोरियन.

“मामा, तेच सूर दुसऱ्या स्वरापासून सुरू करा, वेगळीच स्केल होईल,” असे भाचा म्हणाला. ही तर आपली मूर्च्छना, नाट्यशास्त्रातली! मी आठवडाभर बिलावल रिषभापासून वाजवत बसलो. बाहेर विशाखापट्टणमच्या महामार्गावरून ट्रक जात होते आणि माझा बिलावल बिलावलच राहत होता, नुसता मधूनच सुरू झालेला. काफीचे नाव नाही.

चूक उशिरा उमगली. मी सुरुवात बदलली होती, पण मोकळ्या तारा जुनाच षड्ज सांगत होत्या. मग दुसऱ्या पडद्यावर चिमटा बसवला. षड्जाच्या तारा रिषभाला चढल्या. तेच पडदे, तीच बोटे, आणि समोर काफी उभा! कालचा मध्यम आज कोमल गंधार झाला. खुद्द जुना षड्ज कोमल निषाद होऊन बसला. एकही सूर हलला नव्हता. फक्त घर हलले होते.

त्याच सुमारास माझ्या वर्गात एक मुलगा आला. तो पाटीवर डाव्या हाताने लिही. मी त्याला रोज सांगे, “अरे, या हाताने नाही, त्या हाताने.” छडी उगारत नाही, याचा मला अभिमानही होता. एकदा त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, “गुरुजी, मग तुमी खडू डाव्या हातानं का झेलता?” वर्ग हसला. मीही हसलो. पण त्या संध्याकाळी गिटारीला हात लावला नाही. त्याचा हात बेसूर आहे, असे मी ज्या षड्जावरून ठरवत होतो, तो माझाही नव्हता. तो कुणीतरी माझ्या कानात जुळवून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवले, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागू नये. म्हटले, “लिही तुझ्या हाताने.” तो माझ्याकडे जरा संशयाने पाहत राहिला. मग लिहू लागला.

रात्री मी कागद घेतला आणि डाव्या हाताने स्वतःचे नाव लिहून पाहिले. अक्षर सहा वर्षांच्या मुलाचे निघाले. ते तिथेच थांबले होते.